एवढ्याशा तळ्यासाठी डोंगर चढावा का?

विचारणारे सोलापूरचेच आहेत. मित्र डोंगरावरच्या तळ्यांचं फार कौतुक करतात, पण एवढ्याशा पाण्यासाठी इतक्या लांब जाऊन चढण्यात काय आहे, आणि जायचंच तर पहिल्यांदा कुठं, असं त्यांनी विचारलंय.

चढावा. हाच प्रश्न मला दाजींनी अकरा वर्षांपूर्वी राजगडावर चारचौघांत विचारला होता आणि तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. म्हणून लिहितोय.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढलो. घरातच चार माग. डोळे उघडायच्या आधी खटखट सुरू व्हायची, ती वीज गेली तरच थांबायची. आमच्याकडं सगळे मोठ्यानंच बोलतात, मागापुढं हळू बोलून उपयोग नसतो. आणि पाणी म्हणजे नळ, चार-पाच दिवसांनी येणारा, कधी रात्री दोनला. आला की पिंप, बादल्या, घागरी, सापडेल ते भरायचं. पाण्याकडं नुसतं बघत बसलेलं माणूस मी घरात कधी पाहिलं नाही.

दाजी पुण्याचे, पन्नासेक गड फिरलेले. नोव्हेंबरात त्यांनी बोलावलं. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली, पुण्यातून पहाटे जीपनं गुंजवणे, तिथून चोर दरवाजाची वाट. शेवटचा टप्पा अंगावर येतो, रेलिंग धरून कातळावरनं चढायचं. छातीचा भाता झाला होता. वाकून त्या लहानशा दरवाजातून वर आलो, तर समोर पद्मावती तलाव.

फोटोत बघाल तर त्यात काही नाही. गाळ साचलेला, पाणी हिरवट. भोवतीची घडीव दगडाची भिंत मात्र अजून शाबूत आहे आणि आत उतरायला त्या भिंतीतच कमान केलीय. मी काठावर टेकलो. दम हळूहळू खाली बसला, आणि कानात काहीच उरलं नाही. वारा पाण्यावर उतरला की एक सुरकुती निघायची आणि पलीकडच्या काठाला जाऊन विरायची. ती पोचेपर्यंत बघायचं, मग दुसरी. उजनी धरणाच्या काठावर हे होत नाही, तिथं नजर लांब जाते आणि पाण्यातच हरवते. तळं लहान म्हणून अख्खं डोळ्यात मावतं. मला वाटतं, सगळी ओढ त्या लहानपणातच आहे.

तेवढ्यात दाजी म्हणाले, "चला, बालेकिल्ला, मग संजीवनी माची." मी म्हटलं, तुम्ही जाऊन या. त्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "पाणीच बघायचं होतं तर सिद्धेश्वर तलावावर बसायचं, रिक्षानं गेला असतास. बालेकिल्ल्याशिवाय राजगड केला म्हणू नकोस." ते चार तासांनी परतले तेव्हा मी तिथंच होतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी संपली होती.

'गड केला' हे बोलणंच मला पटत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठा राज्याच्या कारभारावरच्या ग्रंथात, गड बांधताना आधी पाणी बघायला सांगितलंय. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून तळी-टाकी करा. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात. राजगड पंचवीसेक वर्षं राजधानी होता, तो अशा साठवलेल्या पाण्यावर. मग तळ्यावर चार तास बसलेल्यानं गड पाहिला नाही, हे कसं? आणि सिद्धेश्वर तलाव मला कमी वाटत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो खोदला, आपलं ग्रामदैवतच तलाव खोदणारं आहे. पण त्याच्या चहूबाजूंनी शहर आहे, हॉर्न आहेत, आणि तिथं आपण दमून पोचत नाही. दमलेल्या अंगाला शांतता वेगळी लागते.

कुठं जावं म्हणाल तर राजगडच, ऑक्टोबर ते जानेवारी. हरिश्चंद्रगडाची पुष्करणी किंवा 1,567 मीटरवरच्या साल्हेरचा गंगासागर तलाव पायांना सवय झाल्यावर. मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी गर्दी असते.

हे आधी सांगायला हवं होतं : पहिल्यांदा चढणाऱ्यानं चोर दरवाजानं जाऊ नये, पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरावी. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. तळ्यात पोहायला उतरू नका, खाली गाळ आहे. आणि सोबत असा माणूस न्या, जो तुम्हाला बसू देईल.

दाजी, तुम्ही हे वाचालच. डिसेंबरात मी पाली दरवाजानं जातोय. भाकरी दोघांची घेतो. आधी तुम्ही माझ्याबरोबर तळ्यावर बसा, मग बालेकिल्ल्याला मी तुमच्याबरोबर येतो.