एकतर्फी हुकूमनाम्याला (आम्ही हजर नसताना झालेल्या निकालाला) सहा महिने झाले. काकांच्या सांगण्यावरून "समन्स मिळालंच नाही" असं लिहून फेरसुनावणी मागावी का?

तुमचे काका सांगतात तसं अजिबात लिहू नका. आधी कोर्टात जाऊन प्रकरणाची पाहणी करा आणि समन्स बजावून कोर्टात परत आलेल्या प्रतीवर सही कोणाची आहे ते डोळ्यांनी बघा.

आमच्या घरात हेच झालं. चुलत्यांनी शेताच्या ताब्याचा दावा लावला आणि वडिलांना म्हणाले, आपण घरात बसून मिटवू, कोर्टात कशाला येता. वडील गेले नाहीत. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला आणि तो विषयच मागे पडला. हुकूमनामा झाल्याचं आम्हाला कळलं ते सात महिन्यांनी, बेलीफ दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची) नोटीस घेऊन दारात आला तेव्हा.

थोरल्या भावाचं म्हणणं एकच, समन्स मिळालं नाही असं लिहू, म्हणजे अर्जाचे तीस दिवस आजपासून धरतील. कायद्यात तशी सोय आहे खरी. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनामा समजल्यापासून ३० दिवस, बजावलं असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस. नुसती पेपरात नोटीस दिली असेल तर ती या कामापुरती रीतसर बजावणी धरत नाहीत. पण आमच्या समन्सवर वडिलांची सही होती. नावातला पहिला 'द' ते नेहमी उलटा फिरवून काढत, तसाच. ती प्रत मी भावासमोर धरली, तरी तो म्हणाला, "कोण बघतंय?"

मी खोट्या प्रतिज्ञापत्राला नकार दिला. हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जासोबत (दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ९ नियम १३) मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज दिला. वडिलांचं डिस्चार्ज कार्ड जोडलं, आणि तारखेला का आले नाहीत ते होतं तसं लिहिलं. समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला ते समन्स काढून दाखवलं. आम्ही सही नाकारली असती तर अर्ज तिथंच संपला असता. दोन हजार रुपये खर्च भरण्याच्या अटीवर विलंब माफ झाला, पुढे हुकूमनामाही रद्द झाला. भाऊ आजही म्हणतो की मी जमीन पणाला लावली. पणाला त्याने लावली होती.

तुमचं समन्स खरंच मिळालं नसेल तर मात्र तसं ठासून लिहा, आणि हुकूमनामा कधी व कसा समजला त्याचा पुरावा जोडा. मिळालं असेल तर सहा महिन्यांतल्या प्रत्येक महिन्याचा हिशेब द्यावा लागेल. "वकिलाने कळवलं नाही" एवढ्यावर भागत नाही.

हुकूमनाम्याच्या नकलेची वाट बघत बसू नका. नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलात आणि पुनर्विलोकनात वजा होतात, हुकूमनामा रद्द करण्याच्या या अर्जात होत नाहीत. जिल्हा न्यायालयात अपिलालाही ३० दिवसच आहेत, उच्च न्यायालयात ९०. दोन्ही वाटा एकदम धरता येतात, पण अपील फेटाळलं गेलं की हा अर्ज चालत नाही. दरखास्त सुरू झाली असेल तर स्थगिती वेगळी मागा, नुसत्या अर्जाने ती थांबत नाही. लघुवाद न्यायालयाचा (लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या कोर्टाचा) हुकूमनामा असेल तर रक्कम भरणं किंवा तारण देणं अर्जासोबतच येतं, ते वकिलाला आधी विचारा.

आणि काकांना समन्सवरची सही दाखवा, मग बोला.