कुकिंग क्लास नवीन सुरू करतोयस तर एवढं ऐक

भावा, पहिल्याच क्लासला पास्ता-पिझ्झा नको, पोरं खूश होतील पण शिकणार काय? नाचणीपासून सुरू कर. ती मूळची पूर्व आफ्रिकेची, केनियात तिच्या पिठाची पातळ पेज करतात, तिला उजी म्हणतात, आणि आपली आंबील तिची सख्खी बहीणच वाटते, हे पोरांना स्वतः ढवळताना कळू दे. पीठ आधी गार पाण्यात कालवायला लाव, थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच. मग तांबड्या रश्श्यावर ये. मिरची मेक्सिकोकडची, आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणली, हे कोल्हापूरच्या पोरांना पटतच नाही, घालू देत वाद, थांबवू नकोस. साखर नको, गूळही बेतानंच. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते पालकांना आधीच विचारून ठेव, हे विसरायचं नाही.