ओतू नका हो, ती बिअर अजून झालेलीच नाही

घरी बिअर बनवायच्या किटची पहिली बिअर बाटल्यांत भरून आठवडा झाला, एक उघडली तर फेस नाही आणि हिरव्या सफरचंदासारखा वास, तर सगळी २३ लिटर सिंकमध्ये ओतू का असं विचारलंय तुम्ही. अजिबात नको. कच्ची आहे ती, खराब नाही.

तो वास ॲसिटाल्डिहाइडचा. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं तेव्हा मध्येच हे तयार होतं आणि वेळ दिला तर तेच यीस्ट ते बरंचसं संपवतं पण. घोळ असा होतो की किटच्या डब्यावर पाच-सहा दिवस लिहिलेले असतात, एअरलॉकची (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) बुडबुड थांबते आणि आपण लगेच बाटल्या काढतो. बुडबुड्यांवर जाऊ नका, झाकण जरा सैल असलं तरी ते येत नाहीत. हायड्रोमीटर बघायचा (द्रवाची घनता मोजतो, साखर संपते तसा आकडा उतरतो), १.०४० च्या आसपास सुरू झालेली साधी किट १.०१० च्या आसपास येते, आकडा दोन-तीन दिवस जागचा हलला नाही की फर्मेंटेशन (आंबणं) संपलं, आणि त्यानंतरही मी तरी अजून आठवडाभर फर्मेंटरला (बिअर आंबते त्या भांड्याला) हात लावत नाही.

माझी दुसरीच बॅच मी १.०१८ वर, म्हणजे साखर शिल्लक असतानाच, भरली होती, घाई, दुसरं काय. बाटलीत गॅस वाढत गेला. तिसऱ्या आठवड्यात रात्री कपाटातून फट्ट आवाज, उघडून बघतो तर तळाला बिअर आणि शेजारच्या टॉवेलमध्ये काचा रुतलेल्या. तेव्हापासून प्रत्येक बॅचमध्ये एक बाटली प्लास्टिकची भरतो, रोज येता-जाता दाबून बघायची, दगडासारखी कडक झाली म्हणजे गॅस धरलाय.

तुमच्या बाटल्या फ्रिजमध्ये असतील तर आधी बाहेर काढा, थंडीत यीस्ट झोपतं मग गॅस कुठून येणार. २० डिग्रीच्या आसपास, अंधारात, अजून दोन आठवडे. अंधार खरंच महत्त्वाचा, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) कडवटपणावर उजेड पडला की घाणेरडा वास येतो, पारदर्शक आणि हिरव्या बाटल्यांत तर लवकरच. प्रायमिंगची साखर (गॅस यावा म्हणून बाटल्या भरताना घालतात ती) लिटरला ६-७ ग्रॅम घातली असेल तर फेस येईलच, घालायलाच विसरला असाल तर मात्र कितीही थांबून उपयोग नाही 😄

आणि मुरवायचं म्हणजे सगळंच मुरवायचं असं नाही. स्टाउट (काळी बिअर) किंवा जड, जास्त अल्कोहोलची बिअर दोन-तीन महिन्यांनी एकदम गोलाईदार लागते, पण आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) ठेवून दिली तर हॉप्सचा सुगंध उडून जातो, ज्यासाठी केली तेच गायब. गव्हाची बिअरही ताजीच बरी.

आता दर आठवड्याला एकच बाटली फोडा, चव वहीत लिहून ठेवा. ओतताना तळातला गाळ बाटलीतच राहू द्या, तो ग्लासात आला की पहिली बिअर उगाच बदनाम होते.