कुत्या खाताना हसू नकोस

चि.,
अनेक आशीर्वाद.

कॅनडात एडमंटनच्या तुझ्या युक्रेनियन घरमालकीणबाईंनी नाताळच्या आदल्या रात्री जेवायला बोलावलंय, हे वाचून आनंद झाला आणि धडकीही भरली. युक्रेनमध्ये टर्नोपिलला मेडिकलला होतो तेव्हा मीही एका मित्राच्या घरी असाच गेलो होतो. चौथ्या पदार्थाला आडवा झालो. एकूण बारा असतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी तारीख नक्की कर. आमच्या वेळी ही रात्र 6 जानेवारीला असायची. 2023 साली युक्रेनमधल्या मोठ्या चर्चनी कॅलेंडर बदललं, सरकारी सुट्टीही 25 डिसेंबरला आली. पण जुनी मंडळी अजून जानेवारीवर अडून असतात. चुकून तेरा दिवस आधी जाऊन बेल वाजवशील.

दिवसभर उपास. आकाशात पहिली चांदणी दिसली की सोडायचा. आपली संकष्टी आठव, फक्त इथे पंचांगात वेळ छापलेली नसते. आभाळ भरलेलं असलं की घरातला एखादा भुकेला मामा खिडकीतून ‘दिसली!’ असं ठोकून देतो आणि सगळे विश्वास ठेवतात.

मांस, अंडी, दूध, लोणी, काही नसतं. मासे मात्र चालतात. हे मी मालवणच्या मावशीला सांगितलं, तर तिने एकादशीबद्दल फार अवघड प्रश्न विचारले. तू शाकाहारी, तेव्हा हेरिंगची बशी तेवढी पुढे सरकव.

पहिला घास कुत्याचा. नाव ऐकून हसू नकोस, मी हसलो होतो. अख्खे गहू शिजवून त्यात मध, अक्रोड आणि काळी खसखस. ही खसखस वाटताना मी जवळून पाहिली: आतून खाचा असलेलं मातीचं भांडं, मित्राच्या आजीने ते गुडघ्यांत धरलेलं, आणि लाकडी मुसळीने तासभर घरघर घरघर. शेवटी पांढरट दूध सुटलं तेव्हा तिने बोट चाटून मान हलवली. चव आपल्या गव्हाच्या खिरीच्या चुलतबहिणीसारखी, फक्त गुळाच्या घरची नव्हे. जुन्या काळी घरधनी चमचाभर कुत्या छताला फेकून मारायचा. जितके दाणे चिकटतील तितकं वर्ष चांगलं. आता रंगाचा खर्च बघता हा प्रकार कमी झालाय. तू स्वतःहून सुरू करू नकोस, भाड्याचं घर आहे.

मग बोर्श्च म्हणजे बीटचं सूप, त्यात मश्रूम भरलेले कणकेचे इवलेसे ‘कान’. वारेनिकी म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, कोबीच्या पानातला भात, वाल, आणि धुरावर सुकवलेल्या नासपतीचं उझ्वार नावाचं पेय. प्रत्येकातला एक चमचा घ्यायचाच. पण एकच! ‘अजून घ्या’ म्हणण्यात त्या बायका आपल्या पंगतीतल्या आजीलाही हरवतील.

टेबलक्लॉथखाली गवत टोचेल, कोपऱ्यांत लसणाच्या पाकळ्या दिसतील. उचलून ठेवू नकोस. पोरं टेबलाखाली शिरून कोंबड्यांसारखी ‘कॉ कॉ’ करतील, ते वर्षभर अंडी भरपूर मिळावीत म्हणून. नाताळच्या झाडावर कोळ्याचं जाळं दिसलं तर तेही मुद्दाम लावलेलं असतं. मी झटकलं होतं. मदत म्हणून.

आणि एक पान जास्तीचं मांडलेलं असेल. ते घरातल्या गेलेल्या माणसांचं. तिथे मी ऐसपैस बसलो होतो. आजी काही बोलली नाही, तिने दंड धरून मला उठवलं, दुसऱ्या खुर्चीवर फुंकर मारली आणि मग बसवलं. एखादा पूर्वज आधीच टेकलेला असला तर तो माझ्याखाली चिरडू नये म्हणून ती फुंकर. पितृपक्षात आपण पान वाढून कावळ्याची वाट बघतो, ते माझ्या मनात आलं, पण तेवढी युक्रेनियन मला येत नव्हती.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. लोण्याचा केक त्या रात्री चालणार नाही. तीळगूळ कर, तूप न घालता. आणि पाक पक्का होऊ देऊ नकोस, मागच्या संक्रांतीला तुझ्या लाडवाने माझी दाढ हलली होती.

तुझा,
काका