लाईट जाऊन परत आली की रस्त्यावरचा पिवळा दिवा लगेच का लागत नाही?

भो, तो सोडियम व्हेपर दिवा आहे, त्यात तार नसतेच मुळी. आत सिरॅमिकची बोटाएवढी नळी, तिच्यात सोडियम, थोडा पारा आणि झेनॉन गॅस. गॅस एरवी करंट जाऊ देत नाही, म्हणून इग्नायटर दोन-चार हजार व्होल्टचे झटके मारतो, गॅस आयनाइज होतो, म्हणजे करंट जाऊ द्यायला लागतो, आणि आर्क (गॅसमधून जाणारी विजेची ज्योत) पेटते. आता आमच्या भुसावळला उन्हाळ्यात लाईट दोन सेकंद जरी गेली तरी आर्क विझते, पण नळी तापलेलीच राहते, आत प्रेशर भरपूर, आणि एवढ्या प्रेशरमध्ये तेच झटके कमी पडतात. मग मिनिटभर, कधी जास्त, थंड होऊ द्यावं लागतं. पाऱ्याच्या जुन्या दिव्यांना तर याहून जास्त वेळ लागायचा.

पेटताना नीट बघा, आधी फिकट पांढरट-निळसर दिसतो, तो झेनॉन-पाऱ्याचा उजेड, मग सोडियमची वाफ वाढली की हळूहळू पिवळा होत जातो.

आणि चोक काढून डायरेक्ट जोडायचं डोकं कोणी लावू नका, एकदा आर्क पेटली की करंट वाढतच जातो, चोकच त्याला आवरतो, नाहीतर दिवा गेलाच समजा.

गल्लीतला एखादा दिवा लाईट असतानाही रात्रभर लागतो-विझतो ना, तो म्हातारा झालाय. त्याला लागणारं व्होल्टेज वाढतं, चोकला पुरवता येत नाही, विझतो, थंड झाला की परत लागतो. नगरपालिकेला सांगून दिवाच बदलून घ्या.