येशू खरंच हजार वर्षं पृथ्वीवर राज्य करणार का? ख्रिस्ती लोकांमध्येच दोन मतं का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसातला एक ख्रिस्ती मित्र म्हणतो येशू परत येऊन जेरुसलेममधून हजार वर्षं राज्य करणार, दुसरा, कॅथलिक, म्हणतो असलं काही नाही, मग खरं काय. दोघंही आपापल्या चर्चचं बरोबरच सांगतायत, एकमत यावर कधीच नव्हतं.

मी वेंगुर्ल्याचा, कॅथलिक. बायकोचा भाऊ मात्र पेंटेकोस्टल (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) प्रार्थनासभेत जातो, त्यामुळे नाताळात वडे-मटण संपायच्या आत हा विषय निघतोच.

सगळं अडलंय ते प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या, विसाव्या अध्यायात. तिथे सैतानाला साखळीने बांधून हजार वर्षं कोंडतात आणि येशूच्या साक्षीसाठी मारले गेलेले जिवंत होऊन त्याच्यासोबत राज्य करतात. हजार हा आकडा तिथे ओळीने सहा वेळा येतो आणि हजार वर्षांचं राज्य म्हणून बाकी बायबलात कुठेच नाही. आता हा आकडा हिशोबाचा धरायचा की दृष्टांतातला, एवढाच प्रश्न.

दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन आणि आयरेनियस हिशोबाचाच धरायचे, पण जस्टिनने स्वतःच लिहून ठेवलंय की बऱ्याच चांगल्या ख्रिस्ती लोकांना हे पटत नाही. मग पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने (तोही आधी पहिल्याच मताचा) सांगितलं की हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून शेवटापर्यंतचा सगळा काळ, म्हणजे राज्य चालूच आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन सगळे साधारण याच बाजूचे. यावर मेहुणा दरवेळी विचारतो, सैतान बांधलाय तर जगात हे काय चाललंय? प्रश्न रास्त आहे. ऑगस्टीनचं म्हणणं असं की बांधलाय म्हणजे संपलेला नाही, राष्ट्रंच्या राष्ट्रं फसवून सुवार्ता (येशूचा संदेश) अडवण्याची ताकद काढून घेतलीय. मला हे पटतं, मेहुण्याला अजिबात नाही.

मधे एक तिसरं मत जोरात होतं, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, की सुवार्ता पसरत जाऊन जग सुधारेल, सुवर्णकाळ येईल आणि त्यानंतर येशू येईल. पहिल्या महायुद्धानंतर ते मानणारे फार उरले नाहीत.

मेहुण्याकडे जे शिकवतात, म्हणजे आधी विश्वासणारे अचानक वर उचलले जाणार (यालाच रॅप्चर म्हणतात), मग सात वर्षं महासंकट आणि ख्रिस्तविरोधक, मग येशू येऊन हजार वर्षं राज्य, ही मांडणी १८३० च्या दशकात जॉन डार्बी या धर्मोपदेशकाने पसरवली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टीपांमुळे अमेरिकेत घरोघरी गेली. हजार वर्षं अक्षरशः मानणारे सगळे डार्बीचं मानतात असं मात्र नाही, त्यातले कितीतरी महासंकटाआधी वर उचलण्याची गोष्ट नाकारतात.

मला खटकतात ते तारखा आणि चिन्हं काढणारे. २०२१ ला आधीच कोरोना, त्यात तौक्ते वादळ आलं, घरांवरचे पत्रे उडाले, दिवस दिवस लाईट नाही, आणि रेंज आल्या आल्या व्हॉट्सॅपवर पहिलं काय तर शेवट आला म्हणून फॉरवर्ड. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या लोकांनी येशू येण्याचा दिवस २२ ऑक्टोबर १८४४ धरला, रेडिओवरच्या हॅरोल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितला. बायबलातल्या मार्कच्या पुस्तकात तेराव्या अध्यायात येशू सरळ म्हणतो की तो दिवस पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, माहीत नाही, मग यांना कुठून कळतो?

आमचे फादर मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) प्रवचनात हजार वर्षांवर बोलत नाहीत यालाही कारण आहे. येशू शेवटच्या न्यायाआधी येऊन डोळ्यांना दिसेल असं राज्य करेल, हे मवाळ रूपातही सुरक्षितपणे शिकवता येत नाही असं रोमने (व्हॅटिकनने) १९४४ मध्येच ठरवलंय. पण येशू येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, हे मेहुणाही मानतो आणि मीही.

तुमचा मित्र कुठल्या लायनीतला ते ओळखायचं तर तो रॅप्चर रॅप्चर करतो का बघा, करत असेल तर डार्बीवाला. आणि ती हजार वर्षं संत स्वर्गात नि पृथ्वी ओसाड असं म्हणाला तर बहुतेक सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट, ते शनिवारी चर्चला जातात.