पेंडल्टन कायद्याने अमेरिकेतली वशिल्याची नोकरभरती लगेच थांबली का?

नाही. १६ जानेवारी १८८३ ला राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी सरकारी नोकरी परीक्षेवर देण्याच्या या कायद्यावर सही केली, तेव्हा संघराज्य सरकारच्या जेमतेम १० टक्के नोकऱ्या त्याखाली आल्या. वॉशिंग्टनमधली कारकुनी पदं, शिवाय ५० किंवा अधिक कर्मचारी असलेली जकात आणि टपाल कार्यालयं. तिथे स्पर्धा परीक्षा आली आणि पक्षनिधीसाठी कर्मचाऱ्यांकडून वर्गणी उकळायला बंदी झाली. गावोगावचे पोस्टमास्तर मात्र पक्षाच्याच मर्जीवर राहिले.

खरी मेख पुढेच आहे. परीक्षेने भरायच्या पदांची यादी वाढवायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे होता. पायउतार होणारे अध्यक्ष आपण नेमलेल्यांची पदं यादीत घालायचे, म्हणजे नव्या सरकारला ती माणसं हलवणं अवघड जायचं. हेतू पक्षाचा होता, तरी परीक्षेची व्याप्ती त्यातूनच वाढली. बडतर्फीसाठी लेखी कारण देण्याची कायदेशीर सक्ती थेट १९१२ मध्ये आली.